जुन्या नाटकाच्या डीव्हीडीत मेन फाईल कुठली ते कसं ओळखायचं, आणि साईज कमी कशी करायची?

डिचोलीचो_नाट्यवेडो

नमस्कार मंडळी. आमच्या गावात जत्रेच्या रात्री मराठी नाटक होतं, ते कधीपासून होतं ते गावातल्या म्हाताऱ्यांनाही सांगता येत नाही. त्यातल्या काही नाटकांचं शूटिंग झालेलं, लग्नाचं शूटिंग करणारेच यायचे आणि मग मंडळाला डीव्हीडी करून द्यायचे. मूळ कॅसेट आता कोणाकडेच नाहीत, आहेत त्या या डीव्हीडीच. आता घरात डीव्हीडी प्लेअर कोणाकडे उरलाय, आणि नवीन लॅपटॉपला तर ड्राईव्हच नसतो. म्हणून एक यूएसबीवाला ड्राईव्ह आणलाय आणि सगळं कॉम्प्युटरवर घेऊन, छोटं करून, नटमंडळींना पेन ड्राईव्हवर द्यायचं असं ठरवलंय.

पहिलं घेतलंय ते संगीत नाटक, दोन डीव्हीडींवर आहे. पहिली उघडली तर आत व्हिडिओ_टीएस म्हणून फोल्डर आणि त्यात ही भरताड:

व्हिडिओ_टीएस.व्हीओबी छोटीशी,
व्हीटीएस_०१_१.व्हीओबी २१२ एमबी,
व्हीटीएस_०२_१ पासून ०२_४ पर्यंत चार फाईली, पहिल्या तीन जवळजवळ एकेक जीबीच्या आणि चौथी ६४० एमबी,
व्हीटीएस_०३_१.व्हीओबी ३४० एमबी,
शिवाय आयएफओ आणि बीयूपी नावाच्या बारक्या फाईली.

यात नाटक म्हणजे ०२ वाल्या चारच ना? बाकीच्या सोडून दिल्या तर चालेल ना? आणि साईज किती कमी करता येईल? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, घाई नाही.

फोंड्याचा_संकलक

भाऊ, थांबा, काही सोडू नका. आधी एक काम करा, पूर्ण डिस्कची आयएसओ कॉपी काढा, म्हणजे आख्खी डिस्क जशीच्या तशी एका फाईलीत. विंडोजवर इमगबर्न आहे, त्यात डिस्कवरून इमेज बनवायचा पर्याय आहे. पुढचं सगळं काम त्या आयएसओवर करायचं आणि डिस्क कव्हरात घालून कपाटात ठेवून द्यायची. ही डिस्क परत परत फिरवण्यासारखी राहिलेली नसते. घरी जाळलेल्या (बर्न केलेल्या) डीव्हीडीत रंगाचा थर असतो आणि तो ऊन, दमट हवा यांनी खराब होतो, आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. आयएसओ सव्वाचार जीबीच्या आसपास होईल म्हणजे फॅट३२ पेन ड्राईव्हवर ती बसणार नाही, तिथे एका फाईलला ४ जीबीची मर्यादा आहे. हार्ड डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असू द्या.

आता फाईली. व्हीओबी म्हणजे चित्र, आवाज, सबटायटल सगळं एकत्र गुंफलेलं. डीव्हीडीच्या नियमात एक व्हीओबी १ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून मोठा व्हिडिओ १, २, ३, ४ असा तोडलेला असतो. हे तोडणं निव्वळ साईजवर होतं, अंक कुठे संपला याच्याशी त्याचा काही संबंध नाही, पदाच्या मधोमधसुद्धा फाईल तुटते. मधला आकडा, म्हणजे ०१, ०२, ०३, तो टायटल सेटचा, म्हणजे एकत्र ठेवलेल्या शीर्षकांच्या गटाचा. शीर्षक म्हणजे डिस्कवरचा सलग चालणारा एक भाग. शेवटी शून्य असलेली व्हीओबी असेल तर ती मेनूची. आयएफओमध्ये खरी माहिती असते, कुठलं शीर्षक कुठल्या तुकड्यापासून सुरू, कुठे संपतं, प्रकरणं कुठे. बीयूपी ही त्याच आयएफओची राखीव प्रत.

म्हणून साईज बघून मेन फाईल ठरवायची नाही. शीर्षकांची यादी आणि प्रत्येकाचा वेळ बघायचा. हँडब्रेक फुकट मिळतो, त्यात आयएसओ उघडा, तो स्कॅन करून सगळी शीर्षकं वेळेसकट दाखवतो. ती यादी इथे टाका, मग बोलू.

पेडणेकर७

मध्येच विचारतो, त्या चार व्हीओबी कमांडने एकाला एक चिकटवल्या की झालं ना? माझा पुतण्या तसंच करतो. आवाज मात्र कधीकधी पुढे पळतो.

फोंड्याचा_संकलक

पळणारच बाब. आत वेळेचे शिक्के असतात, आणि एका टायटल सेटमध्ये नवीन रेकॉर्डिंग सुरू झालं की ते शिक्के परत शून्यापासून सुरू होऊ शकतात. नुसतं चिकटवलं की प्लेअर गोंधळतो, कुठे आवाज पुढे, कुठे एकूण वेळ भलताच दाखवतो. आयएफओ वाचणारा प्रोग्राम हे बरोबर जुळवून घेतो. न छाटता, न दाबता (म्हणजे कॉम्प्रेस न करता) नुसतं बाहेर काढायचं असेल तर मेकएमकेव्ही वापरा, तो क्वालिटीला हात न लावता एमकेव्ही नावाच्या फाईल प्रकारात भरून देतो. फक्त त्याच्या सेटिंगमध्ये कमीत कमी वेळ १२० सेकंद दिलेला असतो, त्यापेक्षा लहान शीर्षक तो यादीतच घेत नाही. हँडब्रेकमध्ये तीच मर्यादा १० सेकंद आहे. गावच्या डिस्कवर छोट्या तुकड्यात काय असेल सांगता येत नाही, तर ती मर्यादा आधी खाली आणा.

डिचोलीचो_नाट्यवेडो

आयएसओ झाली, कुठे अडकली नाही, बरं वाटलं. हँडब्रेकने दाखवलेली यादी:

शीर्षक १: साडेपाच मिनिटं
शीर्षक २: १ तास ३८ मिनिटं
शीर्षक ३: ५२ मिनिटं
शीर्षक ४: ४६ मिनिटं
शीर्षक ५: ९ मिनिटं

आता मी जास्तच गोंधळलो. सगळं मिळून साडेतीन तास होतात, आणि दुसरी डिस्क तर अजून बाकीच आहे. एवढं मोठं नाटक नाही हो आमचं.

फोंड्याचा_संकलक

ही यादी फार छान आहे, हिच्यात सगळं उत्तर आहे. ५२ आणि ४६ ची बेरीज करा. ९८ मिनिटं, म्हणजेच १ तास ३८. शीर्षक २ हे "सगळं चालवा" वालं आहे आणि ३ व ४ हे त्याचेच दोन अंक, वेगळे निवडता यावेत म्हणून मेनूत दिलेले. डिस्कवर व्हिडिओ एकदाच लिहिलेला असतो, दोन शीर्षकं त्याच तुकड्यांकडे बोट दाखवतात. म्हणून वेळांची बेरीज डिस्कच्या साईजपेक्षा जास्त वाटते. सीरियलच्या डिस्कवर हे नेहमीच असतं, माहीत नसलं की लोक तोच व्हिडिओ दोनदा दाबत बसतात.

पडताळूनही बघता येतं. ०२ सेटच्या चार फाईली मिळून ३.६ जीबीच्या वर, ९८ मिनिटांना भागलं की सेकंदाला सव्वापाच मेगाबिटच्या आसपास येतं. एका थराच्या ४.७ जीबी डिस्कवर दोन तास बसवले की साधारण हाच आकडा येतो, डीव्हीडी रेकॉर्डरवर एसपी मोड म्हणतात तो. तेव्हा ०२ मध्ये ९८ मिनिटांपलीकडे लपलेलं काही नाही.

आता मला शंका आहे ती शीर्षक ५ ची. ते वेगळ्या सेटमध्ये का टाकलं? एका टायटल सेटमधल्या व्हिडिओचं आकारमान एकच असावं लागतं, म्हणजे ४:३ असेल तर सगळं ४:३. कॅमेरावाल्याने एखादा भाग रुंद १६:९ मध्ये घेतला असेल तर डीव्हीडी बनवणाऱ्याला तो वेगळ्या सेटमध्येच ठेवावा लागतो. व्हीएलसी प्लेअरमध्ये आयएसओ लावा, प्लेबॅकमध्ये जाऊन शीर्षक ५ निवडा आणि पूर्ण नऊ मिनिटं बघा. काय आहे ते कळवा.

डिचोलीचो_नाट्यवेडो

मंडळी, शीर्षक ५ म्हणजे नांदी!

पूर्ण नांदी, सगळे पात्र रंगमंचावर हात जोडून उभे, रुंद फ्रेममध्ये. पडदा उघडायच्या आधी कॅमेरा अगदी मागे मांडवाच्या टोकाला लावलेला असणार, त्यामुळे समोर बसलेला आख्खा गाव पाठमोरा दिसतो, आणि ऑर्गनवर बसलेले आमचे गुरुजी समोरून दिसतात. पुढे अंक सुरू झाल्यावर कॅमेरा डाव्या बाजूला गेलाय आणि ४:३ झालाय, तिथून गुरुजी विंगेआड जातात ते शेवटपर्यंत दिसतच नाहीत, नुसता ऑर्गन ऐकू येतो. म्हणजे त्यांना वाजवताना बघायचं तर ही नऊ मिनिटंच आहेत. मेनूवर या भागाचं बटणच दिलेलं नाही त्यामुळे प्लेअरवर लावून हे कधी कोणी बघितलंच नव्हतं. शीर्षक १ मध्ये स्टुडिओची जाहिरात आणि पाहुण्यांचे सत्कार आहेत.

फोंडेकर, देव बरें करूं.

म्हापशाची_सूरसंगत

वाचून अंगावर काटा आला. दादा, सत्कारही टाकून देऊ नका, पुढे त्यातूनच कळतं कोण हयात होतं, कोण अध्यक्ष होतं.

मी आवाजाचं काम करते, त्यामुळे त्यावर बोलते. संगीत नाटक दाबताना सगळे चित्राच्या मागे लागतात आणि आवाज १२८ वर किंवा त्याखाली नेतात. असं करू नका. डीव्हीडीवर आवाज बहुतेक एसी३ या दाबलेल्या प्रकारात असतो, १९२ किंवा २५६ किलोबिट, कधी एमपी२ किंवा न दाबलेला पीसीएम, तो १५३६ चा. एसी३ आधीच दाबलेला आहे, परत दाबला की पहिले बळी म्हणजे झांजा, टाळ्या आणि ऑर्गनचे वरचे सूर, पाण्याखालून आल्यासारखे वाटतात. जपून ठेवायच्या कॉपीत आवाज "पास थ्रू" ठेवा, म्हणजे जसाच्या तसा उचलला जातो. सेकंदाला १९२ किलोबिट म्हणजे तासाला ८६ एमबी, तिथे वाचवण्यासारखं काही नाही. मोबाईलवर द्यायच्या कॉपीत मात्र आवाज एएसी या प्रकारात करावा लागेल कारण बऱ्याच फोनवर एसी३ वाजत नाही, तिथे १९२ द्या, खाली जाऊ नका. आणि "आवाज सारखा करा" असलं काही चालू करू नका, ताना आणि कुजबुज एकाच पातळीवर येतात, गाण्याचा जीवच जातो.

फोंड्याचा_संकलक

ताईंनी बोलायचं तेच बोलल्या. आता चित्राचं सांगतो.

कोडेक, म्हणजे चित्र दाबायची पद्धत, एच.२६४ घ्या. एच.२६५ ने साईज अजून कमी होते पण हॉलमधल्या जुन्या टीव्हीला पेन ड्राईव्ह लावला तर नुसता आवाज येईल आणि पडदा काळा, आणि हे वाटायचं आहे ते वयस्कर माणसांना. क्वालिटी ठरवताना ठरावीक साईज देऊ नका, कॉन्स्टंट क्वालिटी म्हणजे आरएफ द्या. डीव्हीडीच्या साईजच्या चित्राला १८ ते २२ मध्ये कुठेतरी, मी अशा शूटिंगला २० देतो. आकडा जितका कमी तितकी क्वालिटी जास्त आणि फाईल मोठी. स्पीड "स्लो" वर ठेवा, रात्रभर चालू द्या.

सगळ्यात महत्त्वाचं, इंटरलेस. आपलं शूटिंग पाल पद्धतीचं, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांत, म्हणजे हालचाली सेकंदाला ५० वेळा टिपलेल्या. तसंच दाबलं तर हात हलवला की कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात आणि त्या रेषांवरच बिटरेट, म्हणजे सेकंदाला मिळणारा डेटा, वाया जातो. डीइंटरलेसमध्ये यादिफ किंवा बीडब्ल्यूडिफ घ्या, प्रीसेट "बॉब", आणि फ्रेम रेट ५०. मग नाच, तलवारबाजी जशी त्या रात्री दिसली तशी सुळसुळीत दिसते. फाईल थोडी वाढेल, वाढू द्या.

साईज ७२० बाय ५७६ च ठेवा, एचडी करायला जाऊ नका, नसलेलं चित्र कुठून येणार. आणि ऑटो क्रॉप बंद. तो थोड्याच फ्रेम बघून काळ्या पट्ट्या ठरवतो, आणि नाटकात अंधारा प्रवेश, काळ्या झालरी, त्यामुळे चांगली दोन बोटं मंच कापून टाकतो. खाली जर कॅसेटचा थरथरता पट्टा दिसत असेल तर तेवढ्याच ओळी हाताने कापा.

अंधारात मुंग्या आल्यासारखं चित्र असेल तर डीनॉईज "अल्ट्रालाईट" द्या, साईज चांगलीच उतरते. जास्त दिलं तर रंगभूषा केलेले चेहरे मेणाचे दिसतात. आधी दोन मिनिटांचाच तुकडा काढून बघा, एक उजेडाचा, एक अंधाराचा.

सत्तरीचो_रानमाणूस

वाळपईच्या बाजूचा आहे, आमच्याकडे पावसात करंट कधी जाईल नेम नाही. रात्रभर लावलेलं काम पहाटे करंट गेला की फुकट. यावर उपाय आहे का?

फोंड्याचा_संकलक

आहे. फॉरमॅट एमकेव्ही घ्या. एमपी४ मध्ये अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते, मध्येच बंद पडलं की झालेलं सगळं उघडतच नाही. एमकेव्ही अर्धवट राहिली तरी तिथपर्यंतचं बहुतेक वेळा चालतं. त्याशिवाय अंकाअंकाने काम लावा, शीर्षक ३ एका रात्री, शीर्षक ४ दुसऱ्या. नंतर एमपी४ हवी असेल तर परत न दाबता नुसतं भांडं, म्हणजे फाईलचा प्रकार, बदलता येतं, काही मिनिटांचं काम.

काणकोणकर_बाब

चांगला धागा. माझ्याकडे दोन वेगळेच प्रकार आहेत. एक, जुन्या व्हीसीडी, त्यात व्हीओबी नाहीच, एमपीईजीएव्ही फोल्डरात .डॅट फाईल आहे. दुसरं, हातातल्या कॅमेऱ्याच्या छोट्या डीव्हीडी, दशावताराच्या. कॉम्प्युटर त्या कोऱ्या आहेत म्हणतो.

म्हापशाची_सूरसंगत

बाब, कोऱ्या म्हणतो म्हणून फॉरमॅट करू नका हां! त्या फायनलाईज केलेल्या नसणार, म्हणजे दुसऱ्या मशीनवर वाचता याव्यात म्हणून शेवटी बंद केलेल्या नसणार. ८ सेंटीमीटरची १.४ जीबीची डिस्क ती, नेहमीच्या क्वालिटीत अर्धा तास बसतो. ज्या कॅमेऱ्यात घेतलं तोच किंवा त्याच कंपनीचा कॅमेरा शोधा आणि त्यातून फायनलाईज करा. काहींमध्ये व्हिडिओ_टीएसच्या जागी डीव्हीडी_आरटीएव्ही फोल्डर असतो आणि आत .व्हीआरओ नावाची एकच फाईल, सगळे शॉट तिच्यातच, तेव्हा तिथे मेन फाईल शोधायचा प्रश्न येत नाही. आणि छोटी डिस्क फटीतून आत ओढणाऱ्या ड्राईव्हमध्ये घालू नका, अडकते.

फोंड्याचा_संकलक

व्हीसीडीचं मी सांगतो. त्यात चित्र ३५२ बाय २८८ चं, एमपीईजी-१, व्हिडिओ ११५० किलोबिट आणि आवाज २२४. ती आधीच इतकी बारीक आहे की दाबून फार काही मिळत नाही आणि चित्र अजून विरघळतं. जशी आहे तशी ठेवा, व्हीएलसी चालवतो. एक मात्र, व्हीसीडीची साधी आयएसओ काढू नका. व्हिडिओचे सेक्टर वेगळ्या पद्धतीचे, २३२४ बाईटचे, साध्या आयएसओत २०४८ चेच धरले जातात. बिन आणि क्यू अशी जोडी काढा.

सत्तरीचो_रानमाणूस

आणि बुरशी आलेल्या डिस्कचं? आमच्या एकीवर पांढरे ठिपके आहेत, नाटक शेवटच्या प्रवेशात येऊन अडकतं.

म्हापशाची_सूरसंगत

डिस्क आतून बाहेर वाचली जाते, भरलेल्या डिस्कचा शेवट बाहेरच्या कडेला येतो आणि बोटं, ओल, चरे सगळं कडेलाच जास्त. म्हणून शेवट जातो. साध्या पाण्याने ओला करून पिळलेला मऊ सुती कपडा घ्या आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल चरा पडला तर तो डेटाच्या ओळीवरच धावतो, आडवा चरा ड्राईव्ह बऱ्यापैकी सांभाळून घेतो. मग सावलीत वाळवा. वर कागदी स्टिकर असेल आणि ओलीने सुटला असेल तर ओढून काढू नका, घरी जाळलेल्या सीडी-व्हीसीडीवर खालचा चकचकीत थर कधीकधी त्याच्याबरोबरच निघून येतो.

तरीही अडली तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम. तो अडलेली जागा सोडून आधी सगळं चांगलं उचलतो, मग परत परत त्या जागी प्रयत्न करतो, आणि कुठवर आलो त्याची नोंद ठेवतो, म्हणून तीच डिस्क दुसऱ्या ड्राईव्हमध्ये घालून पुढे चालू करता येतं. एका ड्राईव्हला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं, हा माझा नेहमीचा अनुभव.

धागा_पाहणारे

संचालक म्हणून थोडं. हा धागा मंडळांच्या स्वतःच्या, घरच्या शूटिंगबद्दल आहे, तसाच राहू दे. दुकानात विकत घेतलेल्या सिनेमाच्या डिस्कवर सीएसएसचं कुलूप असतं, ते फोडण्याच्या पद्धती इथे विचारू नका. कॉपीराईट कायद्यात २०१२ ला आलेलं ६५ए कलम वाचून घ्या, हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि शूटिंग मंडळाचं असलं तरी नाटक लेखकाचं असतं, लेखक जाऊन ६० वर्षं व्हायची असतील तर यूट्यूबवर टाकण्याआधी वारसांना विचारा. बरेच जण आनंदाने हो म्हणतात.

डिचोलीचो_नाट्यवेडो

दोन्ही डिस्कचं काम झालं, म्हणून लिहितोय. पहिल्या डिस्कचे दोन अंक मिळून १.३ जीबीत बसले, आरएफ २०, स्लो, बॉब, क्रॉप हाताने. ३.६ जीबीवरून एवढं खाली येऊन हॉलच्या टीव्हीवर शेजारी शेजारी लावून बघितलं तर मला तरी फरक दिसला नाही, फक्त स्वप्नाच्या प्रवेशात निळा उजेड आहे तिथे मागच्या पडद्यावर थोडे चौकोन दिसले, तेवढा अंक १८ वर परत केला. नांदी मात्र दाबलीच नाही, मेकएमकेव्हीने काढून ३४० एमबी आहे तशीच ठेवली. दुसऱ्या डिस्कवर तिसरा अंक एकाच शीर्षकात होता, तिथे काही डोकेफोड करावी लागली नाही.

फाईलींना नावं अशी दिली: नाटकाचं नाव, वर्ष, डिस्क, शीर्षक, मग "नांदी" किंवा "अंक १". आयएसओ दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, एक माझ्याकडे आणि एक मंडळाच्या खजिनदारांकडे.

आता पुढचं नाटक काढलंय, एकाच डिस्कवर चार तास कोंबलेत आणि चित्र ३५२ बाय ५७६ दाखवतंय, उभं ताणल्यासारखं. हे असंच असतं का?

फोंड्याचा_संकलक

असंच असतं, एलपी मोड. चार तास बसवायला रेकॉर्डर आडवं रिझोल्यूशन अर्धं करतो आणि बिटरेट अडीच मेगाबिटच्या आसपास येतो. रुंदी बदलू नका, फक्त डिस्प्ले ४:३ आहे ना ते तपासा, टीव्ही स्वतःच रुंद करून दाखवेल. हिच्यात आधीच फार काही शिल्लक नाही तेव्हा आरएफ १८ द्या, आणि शीर्षकांची यादी आली की टाका.